साडेतीन गुणांचे दुखणे

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द हाताने सवयीने लिहिला. वास्तविक माझ्या अष्टांगांपैकी एक सध्या पट्ट्यांत गुंडाळून दोन उशांवर ठेवलेले आहे आणि ते कोणालाही, अगदी तुलाही, नमस्कार करण्याच्या मनःस्थितीत नाही. तेव्हा उरलेल्या सातांचा स्वीकार व्हावा.) इकडे सर्व ठीक. तिकडे तुझी प्रकृती, भाऊजींचा रक्तदाब आणि तुमच्या गॅलरीतल्या कुंड्या यांचे कुशल कळवावे. भाऊजींनी मीठ सोडल्याचे ऐकले. मीठ त्यांना सोडेल तेव्हा खरे.

हाताशी फोन असताना हा पत्र कशाला लिहीत बसला, असे तुला वाटेल. ताई, फोनवर तुझ्याशी बोलता येते हा लोकांचा गैरसमज आहे. फोनवर तुझे ऐकता येते. गेल्या खेपेस मी 'हॅलो' म्हणालो आणि त्यानंतर 'बरं, ठेवतो' म्हणालो; मधला सगळा संवाद तुझा. पत्राचे बरे असते, ते मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येते, आणि तसे होऊ नये म्हणून हे तुझ्या भावजयीच्या हाती पाठवत आहे. तू शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर ती समोरून हलणार नाही. तिला चहा दे. साखर कमी.

तर तुझी तक्रार पोचली. इथल्या हॉस्पिटलच्या अधीक्षकांनी ती मला वाचायला दिली. मजकूर उत्तम आहे. 'अमानुष हेळसांड' तीनदा आले आहे. एकदा पुरले असते, पण पाणीपुरवठा खात्याला लिहिलेल्या अर्जातही ते तीनदाच होते, तेव्हा ती तुझी शैली समजावी. (त्या अर्जानंतर खात्याने पाणी नाही तरी एक माणूस पाठवला होता, आणि तो तुझ्या माठातले उरलेले पाणी पिऊन गेला.) तक्रारीचा सारांश असा, की शस्त्रक्रिया झालेल्या तुझ्या भावाला या वॉर्डातल्या सिस्टरने दुखण्यावरचे औषध दिले नाही आणि परिणामी तो तुझ्या डोळ्यांदेखत बेशुद्ध पडला. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द खरा आहे. 'परिणामी' या शब्दाबद्दल मला थोडे म्हणायचे आहे, पण ते सावकाश.

सोमवारी या तक्रारीची चौकशी आहे. सिस्टरची नोकरी कायमची नाही, वर्षावर्षाने वाढवून मिळते. तक्रार उभी राहिली तर या खेपेस वाढणार नाही, असे मेट्रनबाईंनी तिला सगळ्या वॉर्डादेखत सांगितले. (तिच्या पगाराकडे बघणारी घरी दोन म्हातारी माणसे आहेत, हे मी लिहीत नाही. लिहिले तर तू म्हणशील, हा माझ्या काळजाला हात घालतोय.) तक्रार मागे घे, असे मी मुळीच म्हणत नाही. धाकट्याने थोरलीला शिकवण्याची आपल्या घरात रीत नाही, आणि तू ती पडूही दिली नसतीस. मी फक्त घडले ते क्रमाने सांगतो. तुझे लक्ष असो.

मी पडलो तो विद्येपायी. ही लेकीकडे गेलेली. घरात एकटा राहिलेला पुरुष एकतर स्वयंपाकघरात पडतो नाहीतर पुस्तकांत. मी दोहोंच्या मध्ये पडलो. कपाटाच्या माथ्यावरचा शब्दकोशाचा खंड काढायला स्वयंपाकघरातले स्टूल आणले. त्या स्टुलाचा एक पाय लंगडा आहे हे मला पक्के ठाऊक होते, कारण तो दुरुस्त करून आणण्याचे आश्वासन हिला मीच दिले होते आणि ते आश्वासन आता स्टुलापेक्षा जुने झाले आहे. जो शब्द हवा होता तो त्या खंडात नव्हताच. तो सगळ्यांत खालच्या खणातल्या खंडात असणार, हे मला जमिनीवर आडवे झाल्यावर, तो खंड नाकासमोर आल्यावर लक्षात आले. नडगी मोडली होती. शेजारच्या शिंप्याने आरडाओरडा ऐकून दाराची कडी तोडली. (आरडाओरडा त्याच्या मशिनचा नव्हता, असे तो म्हणतो. मला आठवत नाही.) हिला फोनवर 'थोडे लागले आहे' एवढेच कळवले. तिने पुढे काही विचारले नाही. हॉस्पिटल कोणते, एवढेच विचारले. लेकीची दोन्ही पोरे तापाने फणफणलेली, म्हणून तिला निघायला उशीर झाला, आणि त्या उशिरातच सगळे रामायण घडले.

आता मुख्य घोटाळा. या वॉर्डात दुखणे आकड्यांत मोजतात. सिस्टर फेरीला येते आणि प्रत्येक पलंगापाशी विचारते, 'दुखणं दहापैकी किती?' तुम्ही आकडा सांगायचा, ती तो पायथ्याच्या तक्त्यावर लिहिणार. आकडा लहान असला तर नुसती विचारपूस, मधला असला तर गोळी, सातच्या पुढे गेला तर इंजेक्शन. हा कायदा मला कोणी समजावला नाही आणि मीही विचारला नाही. कारण दहापैकी किती, हे तुझ्या भावाला विचारणे म्हणजे सुताराला लाकूड दाखवणे. उभ्या हयातीत मी दुसरे केले काय? तुला माहीत आहे, माझ्या हातून सहाच्या वर गुण सुटत नाहीत. एकदा एका मुलाला साडेसहा दिले होते. पुढे कळले, त्याने उत्तर माझ्याच पुस्तकातून उतरवले होते. (अर्धा गुण परत घेतला.) सात हे मी कधीतरी कोणी थोर निघाला तर असावेत म्हणून राखून ठेवले आहेत. आठ आणि त्यावरचे देवांसाठी, आणि तेही तोंडी परीक्षा घेतल्याखेरीज नाही. तेव्हा सिस्टरने विचारले तसा मी डोळे मिटून पायाचा नीट विचार केला. दुखणे प्रामाणिक होते. कष्टाळू होते. सातत्य तर वाखाणण्याजोगे. पण स्वतंत्र प्रज्ञा म्हणावी असे त्यात काही दिसेना. कोणत्याही मोडक्या हाडाने दुखावे तसे ते दुखत होते. मी म्हणालो, 'साडेतीन.'

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मग चादर मुठीत धरलेल्या हाताकडे पाहिले आणि विचारले, 'नक्की, सर?' मी फेरतपासणीत गुण वाढवत नाही, असे तिला सांगितले. तिने साडेतीन लिहिले. त्या दुपारी मी पलंगाचा लोखंडी कठडा इतक्या आवेशाने धरला होता, की शेजारच्या पलंगावरून विचारणा झाली, 'का हो मास्तर, पलंग पळून चाललाय का?'

संध्याकाळच्या फेरीला मला वाटले, नुसता आकडा देणे हे परीक्षकाला शोभत नाही, शेराही द्यावा. म्हणून मी सांगितले, की दाह मंद आहे, तोद अधिक, मध्ये मध्ये स्फुरण. (आग कमी, टोचते जास्त, अधूनमधून उडते, असे म्हणता आले असते, पण तुझा भाऊ सोपे बोलतो कधी? सोपे बोलला असता तर संस्कृत कशाला शिकवत बसला असता?) तिने तातडीने लहान डॉक्टरांना बोलावले. हे लहान डॉक्टर खरोखरच लहान आहेत. त्यांना पाहिले की मला हजेरी घ्यावीशी वाटते. त्यांनी माझ्या डोळ्यांत विजेरी मारली आणि आज वार कोणता ते विचारले. मंगळवार होता, मी 'भौमवासर' म्हणालो. यानंतर माझ्या डोक्याचा फोटो काढण्यात आला. डोके शाबूत निघाले. तसा लेखी निर्वाळा माझ्याकडे आहे, फक्त तुझ्या भावजयीचा त्यावर विश्वास बसायचा आहे.

शेजारच्या पलंगाचे मालक एक कंत्राटदार आहेत. इमारती बांधतात. स्वतःच बांधलेल्या जिन्यावरून घरंगळले. (जिन्याबद्दल त्यांचे वाईट मत नाही, ते म्हणतात, पायच चुकला.) त्यांचा आकडा सदैव दहा. टाके दुखले, दहा. उशी सरकली, दहा. पंखा जोरात, दहा. पंखा बंद, दहा. मला त्यांनी धंद्यातले मर्मही सांगितले, 'मास्तर, कोटेशन कायम वर द्यायचं. समोरचा कापत कापत येतो आणि आपल्याला हवं तेवढं बरोबर उरतं.' आणि तसेच होते. सिस्टर त्यांचे दहा ऐकून घेते, नाडी बघते, तोंडाकडे बघते आणि मधल्या आकड्याची गोळी देते. ते ती तृप्त चेहऱ्याने घेतात, कारण तेवढीच हवी असते. व्यवहार म्हणून चोख. माझ्यापाशी मात्र तिची पंचाईत अशी, की वर सांगणाऱ्याचे कापता येते. खाली सांगणाऱ्याच्या पदरात आपल्या मनाने भर घालता येत नाही. औषध आहे ते, खिरापत नव्हे. ती प्रत्येक फेरीला गळ घाली, 'एखादी गोळी घ्या ना, सर.' एकदा तर तिने ती सरळ माझ्या तळहातावर ठेवली. ग्रेसचे गुण आमच्या घराण्यात कोणी घेतलेले नाहीत, असे सांगून मी ती परत केली. हे तुझ्या तक्रारीत आलेले नाही. तुला ठाऊकच नव्हते, तेव्हा तुझा दोष नाही.

या सिस्टरला वॉर्डात चूंचूं सिस्टर म्हणतात. तिच्या उजव्या पायातला बूट चालताना वाजतो. दाराबाहेर चूं झाले की इकडे सावरासावर सुरू: कंत्राटदार तंबाखूची पुडी उशीखाली सारतात, पलीकडचे एक निवृत्त टपालमास्तर कुबड्या टाकून चालून बघत असतात ते झटकन पलंगावर येतात, आणि मी कठडा सोडून चेहऱ्यावर विद्वत्ता आणतो. मी एकदा तिला उपकारबुद्धीने सांगितले, की बुटाला जरा मेण लावलेत तर आवाज जाईल. ती म्हणाली, 'मग सगळे पकडले जाल की. आणि कोणी तोंड फिरवून रडत असलं, तर त्याला डोळे पुसायला वेळ नको मिळायला?' आणि पुढच्या पलंगाकडे गेली. मेणाची सूचना मी जागच्या जागी मागे घेतली. (हे तुला खोटे वाटेल, पण कंत्राटदार साक्षीला आहेत.)

मग तू आलीस. लिफ्ट बंद होती तरी सगळे मजले चढून आलीस, हे मी विसरलेलो नाही. भिंतीला हात लावत लावत आलीस. गुडघा कसा आहे विचारले, तर माझ्यावरच खेकसलीस, 'माझं काय घेऊन बसलास? काही नाही झालं माझ्या गुडघ्याला!' मग तू बसलीस. माझ्या कपाळावर हात ठेवलास. आणि मी बेशुद्ध पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा तू अधीक्षकांच्या खोलीत होतीस आणि तुझे म्हणणे आम्हां सर्वांना स्वच्छ ऐकू येत होते. मध्ये दोन दारे आणि एक व्हरांडा आहे. तू तक्त्यावरचे साडेतीनही अधीक्षकांना वाचून दाखवलेस. 'माणूस बेशुद्ध पडेस्तोवर साडेतीन कसे?' हा तुझा प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर अधीक्षकांपाशी नव्हते, सिस्टरपाशी नव्हते. माझ्यापाशी होते, पण मला कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी त्या वेळी मी वार पुन्हा संस्कृतातच सांगितला असता.

त्याच संध्याकाळी ही येऊन पोचली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने तक्ता वाचला आणि कपाळाला हात लावला. सिस्टर कोपऱ्यात उभी होती, डोळे लाल. ही तिला म्हणाली, 'अगं, यांचे साडेतीन तू साडेतीन समजलीस? लग्नाआधी मला भेटून घरी गेले तेव्हा हे नुसतं "बरी आहे" म्हणाले होते. सासूबाईंनी त्याच रात्री होकार कळवला. यांच्या आकड्याची दुप्पट करायची आणि वर एक धरायचा. आणि कधी चुकून "ठीक आहे" म्हणाले, तर मोठ्या डॉक्टरांना बोलवायचं.' इतक्या वर्षांत हे कोष्टक माझ्या मागे घरात चालू आहे, याची मला कल्पना नव्हती. दोष माझा नाही, ताई, घराण्याचा आहे. बाबांना मुतखडा झाला तेव्हा ते डॉक्टरांना 'किंचित अस्वस्थ वाटते' म्हणाले. डॉक्टर गप्पा मारून गेले आणि परत आले ते स्ट्रेचर घेऊन. आईचा हात भाजला की आपण विचारायचो, 'खूप भाजलं का गं?' ती म्हणायची, 'पातेल्याला विचार.' आपण दोघे त्याच शाळेचे विद्यार्थी. तू तर पहिला नंबर.

सिस्टरने डोळे पुसले, माझ्यापाशी आली, आणि या वेळी तिने दहापैकी किती, असे विचारलेच नाही. ती म्हणाली, 'सर, हेच दुखणं वहिनींना होत असतं, तर तुम्ही किती म्हणाला असता?'

'आठ,' मी म्हणालो. डोळे न मिटता, पायाचा विचार न करता. तोंडातून निघून गेल्यावर लक्षात आले, की आपण आयुष्यात पहिल्यांदा आठ दिले, आणि तेही तोंडी परीक्षेशिवाय. ही खिडकीबाहेर बघू लागली. खिडकीबाहेर पाण्याची टाकी आहे. तीत एवढा वेळ बघण्यासारखे काही नाही. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. थोड्या वेळाने, राखून ठेवलेले सात गुण कोणासाठी होते, तेही कळले. त्या इंजेक्शनसाठी होते.

एवढ्यावर प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण तुझी तक्रार वर गेलेली. वरून प्रश्न आला, तुमच्याकडे रुग्ण आणि सेवक यांच्यात करुणा आहे की नाही? अधीक्षक भला माणूस, त्यांना वाटले, नसेल तर एक व्याख्यान ठेवून ती आणावी. वक्ता विकत आणायला नको, एक वॉर्डातच पडलेला आहे. मला चाकाच्या खुर्चीतून जेवणाच्या हॉलात नेले. मागे फलक, 'करुणा हाच उपचार'. खुर्च्या रुग्णांना दिल्या. नर्सेस भिंतीला टेकून उभ्या, सकाळपासूनच्या उभ्या होत्या त्यात आणखी उभ्या. मी रंगलो. ताई, तुला म्हणून सांगतो, मी फार छान बोललो. करुणा, दया आणि अनुकंपा यांत भेद काय, दया वरून खाली वाहते, अनुकंपा म्हणजे दुसऱ्याबरोबर आपणही थरथरणे, वगैरे. थरथरण्यापाशी मी आलो असता वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी पलंगाची घंटा वाजली. मी आवाज चढवला. घंटाही चढली. कोणी हलेना, कारण व्याख्यान सक्तीचे होते, मेट्रनबाई दाराशी नावे टिपत होत्या. घंटा तिसऱ्यांदा वाजली आणि मला मागून ओळखीचे ऐकू आले: चूं, चूं, चूं, हॉलाबाहेर, जिन्याकडे. टपालमास्तरांना पाणी हवे होते. तिने ते दिले. मी इकडे अनुकंपेवर टाळ्या घेतल्या. संध्याकाळी तिच्यावर दुसरा ठपका आला, की करुणेचे व्याख्यान चालू असताना ती परवानगीवाचून निघून गेली.

मी अधीक्षकांना सांगितले, त्या सभेत माझा विषय कळलेली ती एकटीच होती. ते म्हणाले, 'सर, ते खरं. पण पहिली तक्रार नसती तर हा ठपका मी खिशात घातला असता. आता दोन झाल्या.' तेव्हा गोष्ट पुन्हा पहिलीवर येऊन थांबते.

तेव्हापासून वॉर्डाचे सगळे कसे नियमाला धरून चालले आहे. ती येते, मेट्रनबाई साक्षीला उभ्या राहतात, ती आकडा विचारते, लिहिते, जाते. 'नक्की, सर?' असे विचारत नाही. तसे विचारण्याची तरतूद नियमात नाही. मला वेळच्या वेळी गोळ्या मिळतात, कंत्राटदारांनाही मिळतात. ते दहा म्हणतात आणि दहाचे औषध येते, त्यामुळे ते दिवसभर झोपलेले असतात आणि जागे झाले की उदास असतात. म्हणतात, 'मास्तर, कापणारं कोणी नसलं की धंद्यात मजा नाही.' मी काल तिला विचारले, 'आणि तुमची पाठ दहापैकी किती?' (ती आम्हां धिप्पाडांना उचलून बसवते आणि मग दाराआड जाऊन कंबर धरते, दाराला काच आहे.) तिने आधी मेट्रनबाईंकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, 'बसले तर सात, उभी असले तर सहा. म्हणून तर उभी असते.' आणि किती दिवसांनी हसली. मेट्रनबाईंनी ऐकले नाही. किंवा ऐकले; त्यांनीही नकळत आपल्या कमरेवर हात ठेवला होता.

असो. सांगण्यासारखे एवढेच. मी कोणाची बाजू घेत नाही. परीक्षकाने घेऊ नये. भाऊजींना नमस्कार, कुंड्यांना पाणी. माझी काळजी नसावी, मी ठीक आहे. (हे वाक्य हिने वाचले तर मोठ्या डॉक्टरांना बोलावेल, तेव्हा खोडून 'बरा होत आहे' असे वाचावे.)

तुझा,
धाकटा

ता. क. तक्रार मागे घे, असे मी वर कुठेही म्हटलेले नाही. पुन्हा वाचून खात्री करून घे. मात्र हिच्या पिशवीत एक कोरा कागद आणि पेन आहे. भाऊजींच्या रक्तदाबाविषयी वगैरे मला काही कळवावेसे वाटले तर असावे म्हणून दिले आहे. त्यावर तू दुसरेच काही लिहिलेस आणि ते सोमवारच्या आत अधीक्षकांना पोचले, तर मी आड येणार नाही. 'अमानुष हेळसांड' एकदाही आले नाही तरी शैलीला बाध येणार नाही.

आणखी एक ता. क. आता 'परिणामी'विषयी. हे तुला सांगणार नाही, असा मी सिस्टरला शब्द दिला होता. पत्रात तो पाळला आहे, तू पाहिलेसच, ता. क.बद्दल काही ठरलेले नव्हते. ताई, मी औषधावाचून बेशुद्ध पडलो नाही. तू माझ्या पायावर बसलीस. उशांवर ठेवलेल्या. पूर्ण. कंत्राटदारांनी त्या क्षणाला दहा दिले, आणि ते म्हणतात, हे कोटेशन नव्हे, हे बिल. सिस्टरने दारातून पाहिले होते. दबलेल्या उशा नंतर तिनेच सारख्या केल्या. तू अधीक्षकांपुढे तिला बोलत होतीस तेव्हा हे एक वाक्य तिने उच्चारले असते तर तक्रार जागच्या जागी संपली असती. ती गप्प बसली. का, म्हणून मी विचारले, तर सलाईनची नळी उगाचच तपासत म्हणाली, 'किती घाबरल्या होत्या हो त्या. आपल्यामुळे झालं असं कळलं असतं, तर जिना कसा उतरल्या असत्या? चढतानाच गुडघ्याने जीव काढला होता त्यांचा. मी बघितलं ना.'

तिसरा ता. क. तिने पाहिले. मी पाहिले नव्हते. खुर्ची खिडकीपाशी रिकामी होती आणि तू जन्मात कधी आजाऱ्याच्या पलंगावर बसलेली नाहीस. दुसऱ्याला बसू देत नाहीस. त्या दिवशी बसलीस, कारण खिडकीपर्यंत तुझा गुडघा तुला नेईना. आता फोनवर पुन्हा 'काही नाही रे' म्हणू नकोस. 'काही नाही' म्हणजे आपल्या घरात किती होतात, ते कोष्टक तुझ्यासमोर चहा पीत बसले आहे, त्याला विचार. आणि त्याचेही ऐकायचे नसेल तर सिस्टरचाच प्रश्न: हा गुडघा माझा असता, तर तू किती म्हणाली असतीस? तो आकडा मला कळवू नकोस. घेऊन ये. बुधवारी सकाळी लहान डॉक्टर गुडघे बघतात, तुझे नाव मी घातले आहे. लिफ्ट चालू झाली आहे. वॉर्डात चूं ऐकू येईल की नाही, ते हिच्या पिशवीतल्या पेनवर आहे.

शेवटचा ता. क. खिडकीजवळची खुर्ची सिस्टरने उचलून माझ्या पलंगाला लावून ठेवली आहे. येशील तेव्हा कृपया तीतच बस.